मामांच्या बारा गाई

"माझाच हाय न्हवं?"

डोळे गच्च मिटून, डोक्यावरचा टॉवेल नाकापर्यंत ओढून मामा हे विचारायचे. मग मी त्यांच्या फिल्टरवरची चिठ्ठी मोठ्यानं वाचायची. नाव, वय, खुर्चीचा नंबर. शेवटी "तुमचाच" म्हणायचं. तेव्हा कुठे डावा हात सुईसाठी पुढे यायचा.

मी डायलिसिसच्या हॉलमध्ये टेक्निशियन आहे. तुमच्यापैकी कुणी घरच्या माणसासोबत तिथं बसलं असेल, तर ठाऊक असेल. रक्त गाळणारा फिल्टर धुऊन त्याच पेशंटला पुन्हा लावतात, म्हणून प्रत्येकावर नाव असतं. चुकून दुसऱ्याचा लागला तर, या विचारानंच मामांना घाम फुटायचा. आणि सगळा हॉल ज्यांना मामा म्हणायचा ते हे पेशंट कोण, तर शिवाजी पेठेत जन्मभर मटणाचं दुकान चालवलेला माणूस! मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "बोकडाचं रगत येगळं. त्ये माझं नव्हतं की."

नळ्यांकडे नजर जाऊ नये म्हणून पुतण्यानं त्यांना हातात मावणारं जुनं गेमचं यंत्र दिलं होतं. त्यात मामांनी शेत केलं होतं आणि बारा गाई पाळल्या होत्या. सिस्टर जवळून गेल्या की ओरडायचे, "धक्का लावू नगा, ही गाभण हाय!"

एक दिवस ते यंत्र पडलं आणि पडद्याला तडे गेले. गाई दिसेनात, तशी नजर नळ्यांवर गेली. मामांचं बीपी धाडकन उतरलं. "काढ त्ये! काढ!" म्हणून त्यांनी हॉल डोक्यावर घेतला. मीही हादरले.

"मामा, तुमच्या गाई मी माझ्या लॅपटॉपवर आणते," मी म्हटलं आणि फुटकं यंत्र घरी नेलं. एका यंत्राचं सोंग दुसऱ्याकडून वठवून घेणारा प्रोग्राम असतो, एम्युलेटर. पण मामांचं शेत ज्या कार्डात होतं, ते कुलूपबंद. त्याच्या किल्लीची फाइल मामांच्याच यंत्रातून काढायला हवी होती, हे मी त्यांनाही सांगितलं होतं. काम किचकट. मी आळस केला. इंटरनेटवरून कुणाची तरी फाइल उतरवली, गेम सुरू झाला आणि मंगळवारी लॅपटॉप मामांसमोर ठेवला.

"किल्ली माझ्याच मशीनची हाय न्हवं?"

"तुमचीच," मी म्हणाले.

मामांनी टॉवेल वर केला. पडद्यावर नुसतं मोकळं रान होतं.

"गाई कुठं हायत?"

परक्या किल्लीनं गेम उघडला होता, मामांचं शेत नाही. माझा चेहरा बघूनच मामांना ते कळलं. मग मान वळवून त्यांनी पहिल्यांदाच रक्तानं भरलेल्या फिल्टरकडे पाहिलं आणि ओठ हलवत चिठ्ठी वाचायला लागले.

"आनि ह्यो? ह्यो बी असाच?"

"मामा, शपथ, तो तुमचाच आहे."

शुक्रवारी खुर्ची रिकामी राहिली. मी फोन केला.

"मामा, अंगात पाणी साठेल. दम लागेल."

"लागू दे की. आता तुझ्या हाताचंच भ्या वाटतंय."

ड्यूटी संपल्यावर फुटकं यंत्र घेऊन बसले. तड्यांमधून जेवढी पट्टी दिसत होती, तेवढ्यात वाचत एकेक बटण दाबत गेले. एक चुकलं असतं, तर शेत कायमचं गेलं असतं. फाइल निघाली. प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवली, तशा कुंपणाआड गाई उभ्या दिसल्या. मी दोनदा मोजल्या.

शनिवारी सकाळी मामांच्या घरी गेले. चेहरा सुजला होता, धाप लागत होती. मी आधी म्हटलं, "मामा, मी खोटं बोलले." मग लॅपटॉप उघडला.

मामांनी गाई एकेक करून पाहिल्या. "माझ्याच हायत," म्हणाले. मग विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तुम्ही घाबरलात, म्हणून मीही घाबरले."

"मग तसं सांगायचं की, पोरी. भ्यालेलं मानूस मला कळतंय." आणि बायकोला हाक मारली, "टॉवेल दे गं माझा."

हॉलमध्ये टॉवेल पुन्हा नाकापर्यंत आला. चिठ्ठी वाचताना मला रडू फुटलं.

पुढं वर्षभर गाई चरल्या. मग एका सोमवारी मामी फोनवर म्हणाल्या, "उद्या येनार न्हाईत. झोपेतच गेले."

गेलेल्या पेशंटचा फिल्टर ठेवायचा नसतो. मंगळवारी मी तो फळीवरून काढला आणि रिकाम्या खुर्चीजवळ उभी राहिले. चिठ्ठी मोठ्यानं वाचली. नाव, वय, खुर्चीचा नंबर.

"तुमचाच, मामा," म्हटलं आणि मग कचऱ्याच्या लाल पिशवीत सोडला.