कॅफेतून घातलेलं पुलाचं गाऱ्हाणं

लवूकाका म्हणजे आमच्या खाडीचे तोंडाळ राजे. उभं आयुष्य त्यांनी होडीतून माणसं पार नेली, आणि त्याच खाडीवर पूल व्हावा म्हणून सगळ्यांत जास्त भांडलेही तेच. होडी बंद पडेल, असं कुणी म्हटलं की खेकसायचे, "पडांदे! अडलेल्या बाळंतणीन भरतीची वाट बघूची काय?"

काम दोनदा रखडलं तेव्हा गावाने एवढा गोंधळ घातला की नव्या इंजिनियरने काठावरच्या खांबाला कॅमेराच लावला. ज्याला शंका असेल त्याने इंटरनेटवर बघावं, काम चालू की बंद.

पूल जुळायला थोडेच दिवस उरले असताना काका होडीतून उतरताना घसरले. पाय प्लास्टरमध्ये गेला आणि स्वारी मालवणात लेकीकडे, मथुराकडे येऊन पडली. ती त्यांना रोज रिक्षाने माझ्या सायबर कॅफेत आणायची. काका पुलाचं थेट चित्र बघत पडद्यातल्या कामगारांवर ओरडायचे, "तो दोर सैल आसा रे मेल्या!" माझी गिऱ्हाइकं पळायची, पण मला गंमत वाटायची.

दोन्ही बाजू जुळणार त्या दिवशी पुलावर गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं होतं. तो मान काकांचा. डॉक्टरांनी होडीत बसायला साफ मनाई केली आणि काकांचा चेहरा उतरला. "माझ्याशिवाय गाऱ्हाणां कोण घालतलो?" एवढंच म्हणाले. इतकी वर्षं भांडून मिळवलेल्या पुलावर आपणच नाही, हे त्यांना सोसवेना. मग मथुराने भावाला, बाळाला, फोन केला. त्याने पुलावर मोबाईल उंच धरायचा आणि काकांनी इथून गाऱ्हाणं घालायचं, असं ठरलं.

कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. काकांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, ह्या पुलावरसून जो कोण येतलो-जातलो, तेका सुखरूप पैलतीराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" फोनमधून पूल गरजला, पाठोपाठ आमचा कॅफेही. फोनवर नारळ फुटल्याचा आवाज आला. काकांनी डोळे उघडले तर पडद्यावर बाळाच्या दुसऱ्या हातात नारळ तसाच! "अरे, फोड मरे! मुहूर्त जाता!" ते भडकले. इथे चित्र जरा मागून येतं, हे त्यांना समजावेपर्यंत पडद्यावरही नारळ फुटला.

आणि मग पुलावरची सगळी माणसं वळली. कॅमेऱ्याकडे तोंड करून त्यांनी हात जोडले.

"देव थंय, आणि हे हंय कोणाक हात जोडतत गो?" काकांनी विचारलं.

"बाबानू, तुमका," मथुरा म्हणाली.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काका एका पायावर उभे राहिले. टोपी नीट केली आणि पडद्याला हात जोडले. आपण तिकडे कुणाला दिसत नाही, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.