पुड्या दिसल्या कधी?

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी हॅरिस पार्कमधल्या त्या करड्या गाडीचा तपास माझ्या मनातून गेलेला नाही.

मी मूळचा वसईचा. सिडनीत पोलीस झालो आणि सार्जंट म्हणून निवृत्त झालो. त्या दुपारी ठाण्यावर निनावी फोन आला. मराठी वळणाच्या इंग्रजीत एका बाईने एवढंच सांगितलं, की किराणा दुकानांमागच्या गल्लीत करडी गाडी उभी आहे, तिच्यातून आइस नावाचं ड्रग विकतात. नाव विचारताच तिने फोन ठेवला.

गाडी सापडली. चालकाला आम्हाला पाहून घाम फुटला. आमच्याकडे गाडीच्या झडतीला वॉरंट लागत नाही, पण रास्त संशय लागतो. म्हणजे कोर्टात सांगता येईल असं ठोस कारण. पोलीस दिसला की निरपराध माणूसही घामाघूम होतो, हे मीच नव्या शिपायांना शिकवायचो. तरी मी दार उघडलं. सीटखाली पुड्या सापडल्या. चौकशीत तो तासभर नाही म्हणत राहिला, मग सगळं कबूल केलं.

खटल्याच्या आदल्या दिवशी गस्तीवरचा माझा जोडीदार म्हणाला, पुड्या काचेतून दिसल्या असं सांग, विषय संपला. दुसऱ्या दिवशी बचावाच्या वकिलाने नेमकं तेच विचारलं.

"पुड्या दिसल्या कधी?"

"दार उघडल्यावर," मी म्हणालो.

झडती बेकायदा ठरली. पुड्यांबरोबर त्या झडतीतून निघालेला कबुलीजबाबही बाद झाला आणि तो माणूस सुटला.

आठवड्याभराने स्कोफिल्ड्स उपनगरातली एक बाई ठाण्यावर आली. फोन तिनेच केला होता. युनिव्हर्सिटीत शिकणारी तिची मुलगी त्याच माणसाकडून आइस घ्यायची, अजूनही घेत होती.

"एक शब्द फिरवला असता तर काय बिघडलं असतं हो?" तिने विचारलं.

"उद्या तुमच्या मुलीची गाडी अडवून कुणी असाच शब्द फिरवला तर?"

मी तिला सांगितलं, की कुणीतरी स्वतःच्या नावानिशी जबाब दिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. लोकांत बोभाटा होईल, ही तिची धास्ती होती. तीन दिवसांनी ती मुलीला घेऊन आली. मुलीने माल कुठल्या दिवशी मिळतो, स्टेपनीखाली कसा लपवतात, सगळं इंग्रजीत सांगून सही केली. फोन आईने केला होता, हे तिला त्याच दिवशी कळलं. ती आईबरोबर घरी गेली नाही, मैत्रिणीकडे राहायला गेली.

त्या जबाबावर दुसरी झडती झाली आणि ती कोर्टात टिकली. त्याला शिक्षा झाली. मुलीने उपचार घेतले, सावरली. पण अजून वेगळीच राहते.

कोर्टात खरं बोललो म्हणून लोक माझं कौतुक करतात. मला ते पचत नाही. त्या दुपारी तासभर लांबून नजर ठेवली असती, तर गिऱ्हाईक येताना दिसलं असतं आणि कारण आपोआप हाती आलं असतं. घाई मी केली, आणि तो माणूस मोकळा फिरला तेवढे दिवस त्या मुलीने भोगले.