दादा कॉलेजात काय शिकला

कॉलेजच्या गोष्टी कॉलेजात न गेलेल्या माणसाकडे जास्त साठतात. जे शिकतात ते परीक्षा झाली की सगळं विसरतात. मी नववीत शाळा सोडली, अंबडला फॅब्रिकेशनच्या दुकानात लागलो आणि चार वर्षं इंजिनिअरिंगच्या दोन पोरांच्या खोलीत राहून पोळ्या लाटल्या. एक माझा दादा, दुसरा त्याचा दोस्त मुज्जू, मालेगावचा. या दोघांचं मला सगळं आठवतं. नको असलं तरी आठवतं.

दादाला जाऊन तीन महिने झाले. सर्व्हिस रोडवर खडी पडलेली होती, त्यावरून गाडी घसरली. शेवटचं सेमिस्टर चालू होतं, म्हणजे डिग्री गेलीच. पण त्याची दहावी-बारावीची ओरिजिनल मार्कशीटं कॉलेजात जमा आहेत. आमच्या घरात दहावी पास झालेला तो एकटाच. आईला तेवढे कागद पेटीत ठेवायचेत, दुसरं काही नको. नामपूरहून रोज फोन करते आणि एकच विचारते, "मन्हा पोरना कागद लई उना का रे?"

रोज सांगतो, उद्या आणतो.

* * *

पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या शीट असतात. त्या कोणी स्वतः काढत नाही. सीनियरची शीट खिडकीच्या काचेला चिकटवायची, वर आपला कोरा कागद लावायचा, मागून ऊन आलं की रेघ न् रेघ गिरवायची. याला जीटी मारणं म्हणतात.

दादाचा हात हलायचा आणि मुज्जूला कंटाळा यायचा. माझी सेकंड शिफ्ट असायची, सकाळी मी मोकळाच. दोघांच्या मिळून अठरा शीट मी काढल्या. दादाला दहापैकी नऊ मिळाले, मुज्जूला सहा.

"हात एकच, मार्क वेगळे," मुज्जू म्हणाला. "भावाचं काम मन लावून करतो हा. आपलं नुसतं उरकतो."

पुढे एकदा दुकानात मालकाने माझ्यासमोर ड्रॉइंग टाकलं. मी बघून कुठे कट मारायचा ते सांगितलं. मालक बघतच राहिला. "कुठं शिकलास रे हे?"

"खिडकीवर," मी म्हणालो.

* * *

तिसऱ्या वर्षी इंटरव्ह्यूची तयारी करून घ्यायला एक मॅडम यायच्या. हात कसा मिळवायचा, खुर्चीत कसं बसायचं, स्वतःबद्दल इंग्रजीत काय बोलायचं. दादा खोलीत माझ्यावर प्रॅक्टिस करायचा. मी पलंगावर कंपनीचा साहेब होऊन बसायचो, हातात पोळीचं लाटणं.

"माझी वीकनेस अशी आहे," दादा म्हणायचा, "की मी फार जास्त मेहनत करतो."

"मग पगार कमी दिला तरी चालेल," मुज्जू म्हणायचा.

एक दिवस दादाने मला समोर उभं केलं. "आता तू सांग. तुझी वीकनेस काय?"

"नववी," मी म्हणालो.

दोघं हसले. मग दादा हसायचा थांबला आणि म्हणाला, "सतरा नंबरचा फॉर्म भर. बाहेरून दहावी दे. मी शिकवतो." मी म्हणालो, पुढच्या वर्षी. मी सगळं पुढच्या वर्षीच करतो.

* * *

कांदा निवडायचं मशीन हा त्यांचा प्रोजेक्ट होता. जाळीतून बारीक कांदा खाली पडणार, मोठा पुढे जाणार. डिझाइन दादाचं होतं, ते मी नाकारत नाही. पण कापणं, वाकवणं, वेल्डिंग, सगळं माझं. दाखवायच्या दिवशी मशीन उचलायला मीच गेलो.

परीक्षा घ्यायला बाहेरून आलेल्या सरांनी वेल्डिंगवरून बोट फिरवलं. "छान आहे. कोणी केलं?"

"आम्हीच, सर," दादा म्हणाला.

"आणि हा?"

"हा हेल्पर आहे, सर."

मी मशीन तिथेच टाकून निघालो. गेटपर्यंत दादा मागे पळत आला. माझं डोकं लगेच फिरतं, मी नाही नाही ते बोललो. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "चल, मिसळ खाऊ." त्याने आपला पाव माझ्या ताटात टाकला. माफी मागितली नाही. मागितली असती तर बरं झालं असतं, आता तेवढी तरी हातात राहिली असती.

* * *

गाडी घसरली त्या दिवशी हॉस्पिटलात मला काही सुचत नव्हतं. पोलीस आधारकार्ड मागत होते, नर्स कसलातरी फॉर्म पुढे करत होती आणि मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो होतो. मुज्जू आला तो हातात फाइल घेऊन. दादाचं आधार, कॉलेजचं ओळखपत्र, फोटो, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. वर सही करायला निळा पेन.

पोलीस खूश झाला. "शिकलेला दिसतोस."

"हो," मुज्जू म्हणाला. "हेच शिकलोय."

* * *

मागच्या आठवड्यात मी आणि मुज्जू कॉलेजच्या ऑफिसात गेलो. आमची चौथी खेप. अर्जावर 'कॉलेज सोडण्याचे कारण' असा रकाना होता. मी क्लार्क मॅडमना विचारलं, काय लिहू?

"इतर, असं लिही."

लिहिलं. मॅडमनी मृत्यूचा दाखला बघितला, कॉम्प्युटर बघितला, परत दाखला बघितला. "दाखल्यावर सहा तारीख आहे. आमच्याकडे तो सतरा तारखेपर्यंत वर्गात हजर आहे. रेकॉर्ड जुळल्याशिवाय कागद देता येत नाहीत."

माझा आवाज चढला. मुज्जूने माझा दंड धरला आणि तो वर जाऊन त्यांच्या वर्गाच्या सरांना घेऊन आला. सरांनी हजेरीचं रजिस्टर टेबलावर उघडलं. दादाचा नंबर एकोणचाळीस. सहा तारखेनंतर दहा दिवस, रोज हजर.

"ही प्रॉक्सी कोणी लावली?"

"मी, सर," मुज्जू म्हणाला.

असं कबूल करणाऱ्याची टर्म जाते. परीक्षेला बसू देत नाहीत. एवढं मलाही माहीत होतं.

"अरे, तो गेल्यावरसुद्धा?"

"चार वर्षं लावतोय, सर. तो झोपलेला असायचा, मी त्याचं बोलायचो. नंबर आला की तोंडातून निघतंच."

"दहा दिवस?"

"मी बोललो नसतो तर वर्ग शांत झाला असता, सर. ते मला ऐकायचं नव्हतं."

मॅडम टायपिंग थांबवून बघत होत्या. सरांचं बोट रजिस्टरवरून सरकत आठ तारखेवर थांबलं. तिथेही हजर.

"आठ तारखेला तर शोकसभा होती," सर म्हणाले. "माझ्याच तासाला. सगळा वर्ग त्याच्यासाठी दोन मिनिटं उभा होता."

"हो, सर. मग आम्ही खाली बसलो. मग तुम्ही हजेरी घेतली." मुज्जू अगदी हळू बोलत होता. "अडतीस झाल्यावर तुम्ही एकोणचाळीस म्हणालात."

सरांनी रजिस्टर मिटलं, माझा अर्ज ओढून घेतला आणि त्यावर सही केली.