खालची फोटोंची रांग

शाळेत शिकवायला जाता-येता पलूसच्या चौकात फ्लेक्स लावणारा तो गडी मला रोज दिसतो. तोंडात खिळे धरून बांबूवर चढतो आणि खालून कुणी काहीही बोललं तरी खिळ्यांमधूनच "व्हय की" म्हणतो. तालुक्याच्या लाडक्या पैलवानाने दारूच्या नशेत गाडी घातली आणि डेअरीला निघालेली म्हातारी जागीच गेली, असा गुन्हा नोंदला गेला, तेव्हाही त्याचं तेच.

"पैलवान लय गुणी, अडकवलाय त्याला."

"व्हय की."

"माजलाय रं, सडू दे आत."

"व्हय की."

खालून आलेले दोन्ही बोल एकाच माणसाचे, एक सकाळचा, एक संध्याकाळचा.

म्हातारीच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स त्यानेच लावला. तिच्या चेहऱ्यावरची धूळ स्वतःच्या टॉवेलने पुसली. खाली 'शोकाकुल' म्हणून गावच्या पुढाऱ्यांच्या फोटोंची रांग होती. त्या दिवशी मला तो माणूस आवडला होता.

मग पैलवान जामिनावर सुटला. परवा बघतो तर हा त्याच फ्लेक्सवर पैलवानाचा हसरा फोटो ठोकत होता. म्हातारी पुरती झाकली गेली होती. 'शोकाकुल'वर 'स्वागतोत्सुक'ची पट्टी चिकटली होती. फोटोंची रांग मात्र तशीच.

"अरे, म्हातारीचं तेरावं तरी होऊ द्यायचं!" मी ओरडलो. "आणि खालचे फोटो तरी बदल!"

पहिल्यांदाच त्याने तोंडातले खिळे काढले.

"आवं सर, माणसं तीच हायत. समद्यांनी हात जोडल्यालंच हायत. दोन्हीकडं चालत्यात."