टिकली

काचेला पॉलिश करायच्या तांबड्या भुकटीला ओल्या लोखंडासारखा वास असतो. वैशाखातल्या दुपारी, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, तो इतका दाट व्हायचा की काळ्या पडद्याआडच्या माझ्या खोलीतही श्वासाबरोबर आत यायचा. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मी पदार्थविज्ञान घेऊन नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि भिंगं घडवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यातलं लेसरचं एकुलतं एक यंत्र माझ्या स्वाधीन होतं, याचा मला जरा जास्तच ताठा होता.

लेसरच्या तांबड्या किरणाचा भिंगातून पडणारा ठिपका, त्याला कारखान्यात सगळे टिकली म्हणत. काचेच्या पट्टीवरच्या केसाहून बारीक रेघा मोजायच्या, तर टिकली रेघेहून लहान हवी. आणि माझी टिकली, भिंग कितीही पुढेमागे सरकवलं तरी, तीन-तीन रेघांवर ऐसपैस बसत होती. चार वाजता गिऱ्हाईक पाहायला येणार होतं. "आज जमलं नाही तर ही खोली बंद. तू पॅकिंगला बस," असं साहेबांनी सकाळीच सांगून टाकलं होतं.

साडेतीन वाजले. घामाने बोटं निसटू लागली. अखेर मी काळ्या पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून तो किरणाच्या वाटेत धरला. किरणच आवळला की टिकली आपोआप आवळेल, असं मला अगदी उघड वाटलं. टिकली उलट पसरली. मी आणखी बारीक भोक पाडलं. ती आणखी पसरली, वर फिकीही झाली, आणि मला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

"काय गं, वाट लागली ना?"

पडद्याशी कांबळेकाका उभे होते. मानखुर्दहून येणारे, वीस वर्षं काच घासणारे, कॉलेजची पायरी न चढलेले.

"त्याला आवळतेस कशाला? पसरू दे ना. भिंगाला पोटभर उजेड दे, मग बघ."

"पण काका, मला बारीक करायचंय!"

"म्हणूनच तर."

त्यांनी स्वतः घासलेली दोन भिंगं वाटेत बसवली. पहिल्याने किरण फाकला, दुसऱ्याने तो सरळ, बोटभर जाड झाला, आणि माझ्या भिंगातून उतरताना एका रेघेच्या आत गपकन मावला. मला शरमल्यासारखं झालं. किरण जितका रुंद तितका ठिपका लहान, हे सूत्र मी परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

गिऱ्हाइकाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक रेघ तपासली. मग त्याने विचारलं, "हे कुणी बसवलं?"

काका पडद्याशी हात पुसत होते.

"मी," मी म्हणाले.

"झकास बसवलीय पोरीने," काका म्हणाले आणि आपल्या चाकाकडे गेले.

खोली राहिली. पुढे अकरा वर्षं मी काकांच्या शेजारी बसून डबा खाल्ला. त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही. ते विसरले असतील, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावते. पण त्या क्षणी 'आम्ही' म्हणायला मला एकच अक्षर जास्त लागलं असतं, आणि ते मी का गिळलं, हे मला अजून नीटसं सांगता येत नाही.