केवढा फोटो पाठवू?

गाडी सुटायला अवकाश होता, तरी माय डब्याच्या खिडकीतून संत्र्याच्या बर्फीचे डबे आत ढकलतच होती. नागपूरहून मुंबई, मुंबईहून विमान, आणि विमान उतरणार थेट कॅनडात, विनिपेग नावाच्या गावी. एवढ्या प्रवासात ही बर्फी टिकेल का, असं माझ्या नवऱ्यानं, दिलीपनं, भीतभीत विचारलं. "मंग रस्त्यात खाऊन टाका," माय म्हणाली आणि आणखी एक डबा आला.

बाबा खिडकीपाशी उभे होते. आमचं घर कोष्ट्यांचं, हातमागावर लुगडी विणणारं. कापड दिसलं की बाबांची बोटं ते तपासायचीच. गजांमधून त्यांनी माझ्या पदराचा काठ चिमटीत धरला होता आणि उगाच त्याची वीण बघत होते. शिट्टी झाली तेव्हा म्हणाले, "पत्र कमी लिव्हजो वं. पत्र वसंता वाचून दाखवन, मंग तू मले त्याच्या तोंडानं समजशीन. फोटो पाठवजो. फोटो मी माह्या डोयानं पाहीन." वसंता म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो बाजूलाच उभा होता आणि त्याला जरा लागलंच ते.

विनिपेगबद्दल तक्रार करणं मला जड जातं. थंडी अशी की पहिल्या हिवाळ्यात मी नाक जागेवर आहे का हे चाचपून बघायची. पण शेजारणीनं न मागता तिचा जुना पार्का, टोपीचा जाड कोट, माझ्या अंगावर घातला, बसमध्ये सुटे पैसे नव्हते तर ड्रायव्हरनं "नेक्स्ट टाइम" म्हणून बसू दिलं. बेसमेंट, बर्फ उपसायचं शोव्हल, ग्रोसरी हे शब्द तोंडात बसले. वर्षभरानं मीरा झाली, आणि दिलीपनं कॅमेरा घेतला.

नागपुरात फोटो म्हणजे सीताबर्डीचा स्टुडिओ. तोंडाला पावडर, मान वाकडी, श्वास बंद, आणि फोटो केवढा काढायचा हे फोटोवाला ठरवणार. इथं फोटोच्या दुकानात काउंटरवरच्या मिसेस हॅरिस मलाच विचारायच्या, "व्हॉट साइज, डिअर?" एवढा मान आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होता. मी दर वेळी सगळ्यांत लहान साइज सांगायची, तळहातात मावणारी. पाकिटात दुमडत नाही, टपालात चुरगळत नाही, आणि माय कमरेच्या पिशवीत ठेवून गल्लीभर दाखवू शकते, असा माझा हिशेब.

मीरा पालथी पडली, बसली, रांगली; प्रत्येकाचा फोटो गेला. प्रत्येकाला बाबांचं उत्तर वसंताच्या अक्षरात एकच यायचं: "पोरगी झकास हाये." एकदा बर्फात पुरलेल्या आमच्या मोटारीचा फोटो पाठवला. त्यात मीराचा पत्ताच नव्हता, नुसता बर्फाचा ढीग आणि टपाचा तुकडा. उत्तर आलं, "पोरगी झकास हाये." मी आणि दिलीप हसून हसून लोळलो.

दिवाळीत गल्लीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन लावला. वसंता धावत आला. मी थट्टेनं मोटारीची गोष्ट काढली तर तो हसलाच नाही. "ताई, बाबाले दिसत नाही वं. फोटो उलटा धरून पाह्यतात. आम्ही काई बोलत नाही, त्यायले वाईट वाटन." डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा मोतीबिंदू नाही, आतला पडदा खराब होतोय, चष्म्याचा उपयोग नाही. मोठं आणि उजेडातलं, तेही अगदी नाकाशी धरलं तर काही दिसायचं, आणि तेही किती दिवस दिसेल याचा भरवसा नव्हता. आमचं इतक्यात भारतात जाणं शक्य नव्हतं. म्हणजे मीराचा चेहरा बाबांना पाहायचा असेल तर तो मलाच फोटोतून पोचवायचा होता, आणि लवकर.

दुसऱ्या दिवशी मी मिसेस हॅरिसना म्हटलं, आज सगळ्यांत मोठी साइज. त्यांनी भिंतीवरचे नमुने दाखवले. मी त्यांतला सर्वांत मोठा निवडला, छातीशी धरला तर माझी हनुवटी झाकणारा. तो गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत घालून पाठवला. नळी सुखरूप पोचली. पण इतके दिवस गुंडाळलेला फोटो सरळ होईना. सोडला की परत सुरळी. आता आमच्या घरात वळ पडलेलं कापड सरळ करायची एकच रीत. पाण्याचा हबका मारायचा, ओल्या फडक्यात घ्यायचं आणि मागाच्या रुळावर उलट्या बाजूनं ताणून गुंडाळायचं. बाबांनी मोठ्या निगुतीनं तेच केलं. सकाळी सोडवलं तर कागद पांढरा आणि मीराचं नाक, डोळे, टोपडं सगळं फडक्याला चिकटलेलं. मायनं ते फडकं धुवायलाही काढलं नाही. "पोरगी हाये त्याच्यावर," म्हणाली.

हे फोनवर ऐकून मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. मिसेस हॅरिसना सांगितलं तर त्यांचंही तसंच झालं. डोळे पुसून त्यांनी काउंटरखालून नखाएवढ्या चित्राची एक चौकट काढली आणि दिव्यासमोर धरली. स्लाइड. "पाठव सगळ्यांत लहान," त्या म्हणाल्या, "आणि तिथं करा हवी तेवढी मोठी." मला त्या बाईच्या गळ्यातच पडावंसं वाटलं, आणि मी पडले.

वसंता शाळामास्तर. त्याच्या शाळेत विज्ञानाच्या खोलीत प्रोजेक्टर होता, हेडमास्तरांनी तो एका रविवारपुरता दिला. मीराची स्लाइड पाठवताना मी कळवलं होतं, ती मोठी करून पाडायला पांढरी भिंत लागेल. आमच्या घरात पांढरी भिंत कुठली? निळसर चुना, त्यावर कॅलेंडरं आणि खुंट्या. बाबा म्हणाले, भिंत काहून पायजे, मी विणतो ना. डोळे जात चालले होते, बोटं शाबूत होती. तुटलेला धागा वसंता जोडून द्यायचा, बाकी सगळं बाबा चाचपून विणायचे. पांढरं, पातळ, बिनकाठाचं. बिनकाठाचं कापड त्यांनी त्याआधी कधी विणलं असेल असं मला वाटत नाही. "पोरीच्या तोंडावर काठ कायले?" असं म्हणाले म्हणे.

त्या रविवारची दुपार वसंतानं शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर आणून टेप केली आणि ती कॅसेट मला पाठवली. मी ती स्वयंपाकघरात एकटीनं ऐकली. आधी पंख्याची घरघर, दारं लावल्याचा आवाज, खिडकीला पोतं लावताना कोणाची तरी धडपड. मग बटण दाबल्याचा खटका, आणि एकदम सगळी खोली "बाप्पा!" म्हणून ओरडली. मायच्या बांगड्या वाजल्या, ती औक्षण करायला निरांजन घेऊन पुढं गेली. "अवो, कपड्याले आग लागन!" दोन बायका किंचाळल्या. मग वसंताचा आवाज, "बाबा, मांगं सरका ना, सावली पडून राह्यली." बाबा पाहायला जवळ जायचे, आणि जवळ गेले की त्यांची सावली मीराचा चेहराच खाऊन टाकायची. लांब राहिले तर त्यांना दिसायचं नाही. थोडा वेळ सगळेच त्यांना इकडं सरका, तिकडं सरका सांगत होते. एवढं करून शेवटी बाबांनाच दिसणार नाही की काय!

मग बाबा म्हणाले, "मंग मी मांगून पाह्यतो."

पातळ कापड त्यांनी स्वतः विणलेलं. त्यातून उजेड पार जातो हे त्यांना सांगायची गरज नव्हती. ते कापडाच्या मागं गेले. तिकडून सावली पडायचा प्रश्नच नाही. नाक लावून उभं राहिलं तरी चालतं. टेपवर बराच वेळ नुसता पंखा. मायनं हाक मारली, "अवो, या ना आता बाहीर." बाबा म्हणाले, "थांब वं." आणि मग अगदी हळू, जणू मीरा समोरच उभी आहे, "उजव्या भिवईवर वण हाये तुले. काहून? पडली का वं पोरी?"

मीरा सोफ्याच्या कोपऱ्यावर पडली होती. घरच्यांना काळजी नको म्हणून मी ते कोणाला कळवलं नव्हतं. आणि वण तिच्या डाव्या भिवईवर आहे. समोर बसलेल्या सगळ्या गल्लीला तो डाव्या भिवईवरच दिसला असणार. उजव्या भिवईवर दिसला तो फक्त कापडामागून, उलटं चित्र पाहणाऱ्या माणसाला. बाबांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पाहिलं होतं. मी टेप तिथंच थांबवली आणि ओट्याला धरून पोटभर रडले. इतकं सुखाचं रडू मला पुन्हा आलं नाही.

पुढं आम्ही गेलो तेव्हा बाबांना काहीच दिसत नव्हतं. त्यांनी मीराच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली, पण गडबड केली नाही. ओळखीच्या माणसाला भेटावं तसे भेटले. आता ते नाहीत. गाव सोडून आलेल्या सगळ्यांना इथं विचारतात तसं मलाही विचारतात, घर कुठलं? मी विनिपेगच सांगते, आणि खोटं वाटत नाही. ज्या माणसांनी मला एवढ्या लांब जाऊ दिलं आणि तरीही इतक्या जवळून पाहिलं, त्यांच्यामुळंच मला इथं घर करता आलं.

मीरा आता मोठी झाली. सकाळी शाळेत जाताना ती आरशासमोर वेणी घालते, आणि आरशात तिचा तो वण उजव्या भिवईवर दिसतो. बाबांनी पाहिलेली मीरा अशीच होती. मी हातातलं काम टाकून तिच्या मागं जाऊन उभी राहते. "आई, लेट होईल," ती म्हणते. होऊ दे म्हणते मी, थांब जरा.