शालिनीची मनगटांची साखळी

शालिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गंगाखेडच्या स्टँडवर परभणीच्या एसटीत चढत होते. तिलाच भेटायला. पिशवीत तिच्यासाठी घेतलेला मऊ सुती गाउन होता... आधी रडू आलं नाही, राग आला.

आम्ही दोघी परभणीच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो. कातडीच्या पेशी एकमेकींना कशा धरून राहतात, हा तिचा लाडका धडा. मुलांना ओळीत उभं करून शेजारच्याचं मनगट धरायला लावायची. म्हणायची, "नुसतं धरून भागत नाही. अधूनमधून दाबायचं, समोरच्यानं उलट दाबायचं. पेशींच्या आत असेच निरोप सारखे चालू असतात, म्हणून त्यांच्यातले सांधे टिकतात. निरोप चुकला की पेशी आपणहून हात सोडते."

आणि तिला नेमका त्याच सांध्यांचा आजार झाला. शरीराला वाचवणारी प्रथिनंच त्या सांध्यांवर उलटली, पेशींच्या आत भलतेच निरोप जाऊ लागले. आधी तोंडात फोड, मग पाठीवर. जरा घासलं तरी कातडी सुटायची. गोळ्यांनी फोड सुकायला लागले होते, तेवढ्यात चारठाण्याहून तिची आई आली.

"नागीण हाय ही. तोंड-शेपूट मिळालं की माणूस जातंय. लेकरू तडफडायलंय माझं, गेरू लावते मी. गोळ्या बंद कर."

"मावशी, नागीण नाही ही! गोळ्या एकदम सोडल्या तर जिवावर बेतेल," मी तडकले.

वर्गात इतकं ठासून सांगणारी शालिनी आईपुढं नमली! "तिचं मन मोडवत नाही गं," एवढंच म्हणाली आणि गोळ्या सोडून आईबरोबर गावी गेली. परतली ती थेट दवाखान्यात, उघड्या जखमांत जंतू शिरल्यावर. हात कुठं लावावा कळेना. तिचे तळवे तेवढे शाबूत होते. तिनं माझं मनगट धरून दाबलं. मी तिच्या तळव्यावर बोट टेकवलं, अगदी अलगद.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी मी चारठाण्याला गेले. कोनाड्यात गेरूची वाटी तशीच होती.

"माझ्या गेरूनं गेली का गं?" मावशींनी विचारलं.

उत्तर वाटभर घोळवून आणलं होतं. पण नकळत त्यांचं मनगट धरलं, दाबलं... त्यांनी उलट दाबलं.

"ल्हानपणी शालू रातच्याला लय भ्यायची," त्या म्हणाल्या. "मी असंच दाबायचे. तिनं उलट दाबलं की कळायचं, जागी हाय."